गव्हाणीच्या कडेला भिंगरीसर

भिंगरीसरांना बसलेलं मी एकदाच पाहिलं. एरवी फळा ते खिडकी, खिडकी ते दार अशा फेऱ्या चालू. नगरच्या कॉलेजात ते आम्हाला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचे. चहासुद्धा चालता चालता प्यायचे आणि निम्मा बुशशर्टावर सांडायचे. आमच्या घरी आले तेव्हा माझे वडील, अण्णा, म्हणाले होते, "सर, बसा की. पाय माझा गेला, पन पळतेत तुमचेच लई."

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आई-अण्णा पाथर्डीकडून ऊसतोडीला आलेले. पुढे अण्णा कारखान्यात गव्हाणीवर लागले. गव्हाण म्हणजे ऊस आत ओढून नेणारा लांबलचक फिरता पट्टा. एका हंगामात त्यात अण्णांचा पाय ओढला गेला. वाचला, पण लंगडा झाला. शेवटच्या वर्षी सरांनी प्रोजेक्टचा विषय विचारला तेव्हा मी हे सरळ सांगून टाकलं. सरांनी तीन फेऱ्या मारल्या. "माणूस कडेला आला की पट्टा आपोआप थांबला पाहिजे. एवढंच ना? लाग कामाला."

एवढंच नव्हतं. गव्हाणीवर बसवलेला काडेपेटीएवढा कॅमेरा, त्याला आम्ही लिहिलेला प्रोग्रॅम: कडेच्या काँक्रीटवर काही हललं की गव्हाण बंद. पण हंगामाआधीच्या चाचणीत वर क्रेन फिरायची, तिची सावली काँक्रीटवरून सरकायची आणि गव्हाण खाडकन थांबायची. "नवशिका वॉचमन आहे हा," सर म्हणायचे, "पान हललं तरी शिट्टी!" कारखान्याचे चीफ इंजिनिअर मात्र हसले नाहीत. "हंगामातली उसाची पहिली मोळी टाकायच्या दिवशी शेवटची संधी. सावलीला थांबला, तर काढून न्या."

उत्तर सापडलं एसटीत. जागा असून सर उभेच. अचानक ओरडले, "ते बघ! रस्त्यावरचा पांढरा पट्टा झाडाच्या सावलीतही दिसतोय. फक्त मंद. म्हैस आडवी आली की पट्टाच गायब!" कंडक्टरनं विचारलं, "म्हशीपाशी उतरायचंय का?" दुसऱ्या दिवशी आम्ही काँक्रीटवर चुन्याचे पट्टे ओढले. प्रोग्रॅम बदलला: पट्टे मंद झाले तर चालू दे, झाकले गेले तर थांब.

मोळीच्या दिवशी सगळे जमले, तर गव्हाण सुरूच होईना. कडेला माणूस आहे, असं कॅमेरा म्हणत होता. तिथं कोणीच नव्हतं. होती ती हातभर रुंद रांगोळी. लेकीच्या यंत्राचा पहिला दिवस म्हणून आईनं पहाटे येऊन पट्ट्यांवरच काढलेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी फडकं घेऊन धावले.

"पुसू नको!" सर माझ्या पुढे पळाले. "पट्ट्यांपेक्षा ही नक्षी झकास आहे. हेच चित्र लक्षात ठेवायला सांगू त्याला." सरांनी कॅमेऱ्याला रांगोळी टिपायला लावून बटण दाबलं. गव्हाण सुरू झाली. क्रेनची सावली रांगोळीवरून गेली, परत आली. गव्हाण चालूच.

"सावलीचं झालं," चीफ म्हणाले. "माणसाचं?"

कोणी पुढं होईना. अण्णा लंगडत आले. चप्पल काढली आणि तिथंच घुटमळले. "रांगोळीवर पाय कसा देऊ?"

"द्या वो," आई म्हणाली. "मी परत काढीन."

अण्णांनी दुखरा पाय ठेवला, मग दुसरा. गव्हाण थांबली. बराच वेळ ते त्या थांबलेल्या गव्हाणीकडे बघत राहिले.

"राहू द्या हा कॅमेरा इथंच," चीफ म्हणाले.

आमचा निकाल लागला आणि सरांनी नगर सोडलं. निरोपही स्टँडवर फेऱ्या मारतच घेतला. मी यंत्रांच्या नोकरीत तीन गावं फिरले, पण यंत्र तपासताना अजूनही खुर्ची घेत नाही. मोळीच्या त्या दिवशी मात्र चीफ बोलल्यावर मी वळून पाहिलं, तर सर लोखंडी पायरीवर बसले होते. दोन्ही हात गुडघ्यांवर, पाय एकदम गप्प.

अण्णा रांगोळीतूनच म्हणाले, "बसा सर. आता बसा."