घाटाकडे तोंड करून

बदलापूरच्या आमच्या मांजर्लीत नदी माणसांकडे येते, दर दोन-चार पावसाळ्यांत, तळमजल्याच्या खिडकीपर्यंत. आपण होऊन नदीकडे जाणारी आमच्या इमारतीतली पहिली बाई म्हणजे मालिनी. वय चव्वेचाळीस. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यात सतरा वर्षं पँटींना चेन लावते. नवरा मिलिंद अंबरनाथला केमिकल कंपनीत, आणि घरात सासू भिमाबाई. मी शिवराम, त्यांच्या वरच्या मजल्यावरचा. एमआयडीसीत पस्तीस वर्षं टाइम ऑफिसात काढली, त्यामुळे कोण कधी आलं, कधी गेलं यावर नजर ठेवायची खोड मेल्याशिवाय जायची नाही.

दोन वर्षांपूर्वी कारखान्यात एक फाटलेलं शीड आलं. इरा नावाची बदलापूरचीच मुलगी ते घेऊन आली होती. विंडसर्फिंग म्हणजे काय हे त्या दिवसापर्यंत आमच्यात कुणाला ठाऊक नव्हतं. लांब फळी, तिच्यावर काठी, काठीला शीड, आणि शिडाला आडवा दांडा. तो दांडा धरून माणसानं फळीवर उभं राहायचं. सिंधी शेठनं कपडा पाहिला आणि हात जोडले, "साईं, हे आपलं काम नाही. मशीन तुटेल." मालिनी म्हणाली, "द्या इकडं." जीन्सचे चार पदर एका दमात शिवणाऱ्या मशीनला शीड काय जड! संध्याकाळी शीड तयार झालं, पण मालिनी ते सोडेना. "आधी दाखव, हे कुठं आणि कसं ताणतं. टाका बरोबर जागी पडला का मला बघायचंय."

टाका बघायला गेलेली बाई फळीवर चढूनच परत आली.

बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला आमची नदी रुंद आणि आळशी आहे. वारा म्हणाल तर उदबत्तीचा धूर वाकेल एवढा. मी इराला म्हटलंही, "अगं, या वाऱ्यात तुझी फळी हलणार कशी?" ती हसली. "काका, तेज हवा में कोणीपण पळतं. हळू वाऱ्यात ट्रिक करणं, वो असली चीज है. वारा मदत करत नाही ना, सगळं पायानं आणि कमरेनं करावं लागतं." मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही, मान मात्र डोलावली.

मालिनी शिकली. आधी पाण्यात पडलेलं शीड दोरीनं ओढून उभं करणं. मग शिडाला पाठ टेकून चालवणं, फळी उलटी नेणं, आणि दांडा सोडून स्वतःभोवती गिरकी मारून शीड पडायच्या आत पुन्हा धरणं. 'हेलिकॉप्टर' नावाची एक ट्रिक आहे. तिच्यात शीड वाऱ्यावर ढकलून धरतात, फळी पायाखाली गोल फिरते आणि माणूस तिच्यावर मांजरीसारखी पावलं टाकत राहतो. दर रविवारी सकाळी घाटावर कपडे धुणाऱ्या बायका, पोहायला आलेले म्हातारे आणि मी, असा आमचा प्रेक्षकवर्ग ठरलेला. शीड आडवं झालं की आम्हाला ती नवी ट्रिकच वाटायची, आम्ही टाळ्या पिटायचो. त्यामुळे मालिनी कधी पडत नाही अशी तिची ख्याती झाली. ओली यायची, पण पाण्यातला खेळ म्हटल्यावर माणूस ओला होणारच.

ही ख्याती वाढवली भिमाबाईंनी. भाजीवाल्यापासून विहारातल्या वंदनेपर्यंत, जो भेटेल त्याला ऐकवायच्या, "माझी सून दीड वर्षात एकदा पण पडली न्हाय." सुनेचं इतकं कौतुक करणारी सासू मी दुसरी पाहिली नाही, आणि त्याचा मला थोडा रागच यायचा. माझं कौतुक आमच्या घरात कुणी केलं नाही.

यंदा जानेवारीत इरानं बातमी आणली. नदीकाठी जलक्रीडा केंद्र निघणार होतं आणि त्यांना शिकवणारी बाई हवी होती. परीक्षा तीन आठवड्यांनी, पाच ट्रिका, आणि प्रत्येक दोन्ही बाजूंनी दाखवायची, जाताना एकदा आणि येताना एकदा. मालिनीचा चेहरा उतरला तो मी जिन्यात पाहिला. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "काका, मला येताना एकपण येत नाही."

म्हणजे काय ते मला नंतर समजलं. आमच्याकडचा वारा नदीच्या लांबीनं वाहतो, त्यामुळे फळी घाटावरून समोरच्या काठाला जाते आणि तशीच परत येते. मालिनी दीड वर्ष सगळ्या ट्रिका जातानाच करत होती, घाटाकडे पाठ करून. परतताना निमूट सरळ यायची. तोंड घाटाकडे झालं की तिचं अंग लाकूड व्हायचं. पडले तर सगळे बघतील, आणि आई काय म्हणतील? जाताना शंभरदा पडली होती ती, आमच्याच टाळ्यांत. येताना पडायला तिची छाती होत नव्हती, म्हणून येतानाचं तिला येत नव्हतं.

"मग पड की," मी म्हटलं.

"तुम्हाला सोपं आहे बोलायला. आई अख्ख्या बदलापूरला सांगून बसल्यात. आणि ही नोकरी पाहिजे हो मला. जन्मभर चेनच लावायची का मी?" तिचे डोळे भरले. मी उगाच जिन्याचा कठडा पुसू लागलो.

मग तिनं आडमार्ग काढला. गच्चीवर बांबूला चादर बांधून उलट्या बाजूची पावलं घोटायला लागली. गच्चीच्या खाली माझं घर! पहाटे साडेपाचपासून डोक्यावर धप-धप. चार दिवस सोसलं, पाचव्या दिवशी वर जाऊन असा तडकलो की कबुतरं उडाली. "गच्ची काय हलते का गं पाण्यासारखी? चादरीवर नोकरी देणारेत का तुला?" बोललो आणि लगेच वाईट वाटलं. ती गुपचूप चादर सोडायला लागली.

खाली आलो तो भिमाबाई दारातच उभ्या. पोटात माझ्या काही राहत नाही. त्यांना सगळं सांगून टाकलं, येतानाचं, घाटाचं, आणि त्यांच्या फुशारकीचंसुद्धा. त्यांनी दार लावून घेतलं. म्हटलं, शिवराम, लावलीस काडी.

रविवारी भिमाबाई घाटावर आल्या. याआधी गुडघ्यांमुळे त्या कधी येत नसत. पायरीवर मधोमध बसल्या. मालिनी समोरच्या काठाला जाऊन वळली, सासू दिसली, आणि जी ताठ झाली ती शीड धरून सरळ यायला लागली. भिमाबाई उठून उभ्या राहिल्या आणि अख्खा घाट ऐकेल अशा आवाजात ओरडल्या, "मालिनी! इकडं तोंड करून पड!"

बायकांचे धोपटणारे हात थांबले.

"पड म्हणते ना! मी बघाया आले. पडल्याबिगर घरी यायचं न्हाय!"

मालिनीनं शीड वाऱ्यावर ढकललं, एक पाऊल चुकलं, आणि घाटापासून पाच हातांवर ती अशी धप्पकन पडली, की धुतलेल्या कपड्यांवर पाणी उडालं. मग भिमाबाईंनीच टाळी वाजवली, आणि घाट हसू लागला. मालिनी वर आली तीही हसतच. त्या दिवशी ती अकरा वेळा पडली. मी मोजलं, टाइम ऑफिसचा माणूस. पुढचे दोन आठवडे ती कामावर जायच्या आधी रोज सकाळी येऊन आमच्यासमोर पडत होती, आणि हळूहळू कमी पडू लागली.

परीक्षेच्या दिवशी वारा नसल्यासारखाच होता. जातानाच्या पाचही ट्रिका चोख झाल्या. येताना चार झाल्या, आणि हेलिकॉप्टरला ती पडली, परीक्षकांच्या नाकासमोर. एकदा पुन्हा करायची मुभा होती. मालिनी वर आली, केस तोंडावरून मागे सारले, घाटाकडे बघून खळखळून हसली आणि फळीवर चढली. दुसऱ्यांदा फळी तिच्या पायाखाली गोल फिरली आणि ती उभीच होती. परीक्षक साहेबांनी कागदावर सही केली. एक तारखेपासून रुजू व्हा, म्हणाले. इरानं आरोळी ठोकली आणि मिलिंद बूट-मोज्यांसकट पाण्यात उतरला.

गर्दी पांगल्यावर मी भिमाबाईंजवळ बसलो. राहवलं नाही म्हणून विचारलं, "मावशी, तुम्हाला खरंच वाटायचं, ही पडतच नाही?"

"येडा का काय तू? घरात फणी एकच हाय. दीड वर्ष फणीत शेवाळ येतंय."

"मग गावभर सांगत का फिरत होता?"

"ती पहिल्यांदा पाण्यात गेली तवा घरचे-दारचे सगळे एकच म्हनले, पडशील. मिलिंद म्हनला, मी पन म्हनले. तिचं तोंड एवढंसं झालं होतं. मग मला वाटलं, ही पडनार न्हाय असं म्हननारं एक तरी मानूस असू दे तिला." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "त्याचंच तिला वझं होईल, हे मला कुठं ठावं होतं? तू सांगितलंस, म्हनून आले."