विनाअट बक्षीसपत्र

सहा वर्षांपूर्वी मी आईला सहा लाख रुपये बक्षीस दिले. आईवर प्रेम आहेच, पण घाई प्राप्तिकराची होती. ठेव माझ्या नावावर असती तर वर्षाच्या बेचाळीस हजार व्याजावर मला आठ हजार सातशे छत्तीस रुपये कर बसला असता. बायकोच्या नावावर टाकली तर व्याज कायद्याने माझ्याच उत्पन्नात धरतात. आईच्या नावावर टाकली की कर शून्य.

लोक असे व्यवहार तोंडी करतात. मी स्टॅम्प पेपर आणला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'प्रेमापोटी, राजीखुशीने, कोणतीही अट न ठेवता.'

"अट न्हाई म्हंजी?" आईनं विचारलं होतं.

"म्हणजे पैसे तुझे."

"बरं," म्हणून तिनं तो कागद रेशनकार्डाच्या डब्यात ठेवला.

मग नियम बदलला. नव्या पद्धतीत बारा लाखांपर्यंत कर नाही. माझा पगार आणि ते व्याज मिळून त्याच्या आतच बसतं. माझ्या वहीत 'वाचलेला कर' असा एक रकाना आहे. त्यात पहिल्यांदाच शून्य लिहिलं. त्यातच साताऱ्याच्या घरावर दोन खोल्या काढायचं माझ्या मनात होतं.

आई सुपात वाळका घेवडा निवडत बसली होती. मी म्हणालो, "आई, ती ठेव आता मोडू. कराचा प्रश्न मिटलाय."

"कुठली ठेव?"

"मी तुला दिलेली."

"दिलेली व्हय? मग माझीच की." तिनं डबा मागवला. बायकोनं 'कोणतीही अट न ठेवता' गरजेपेक्षा जास्त स्पष्ट वाचलं.

"आन् बँकेत वारसदार म्हणून तुझ्या बहिणीचं नाव लावलंय," आई म्हणाली. बहीण सांगलीला असते. "वडील गेल्यावर वडूजच्या रानाचा हक्क सोडला तिनं. तवा तू काय दिलंस?"

"साडी."

"कितीची?"

"अठराशे पन्नास."

बायकोला चहाचा ठसका लागला. रान तीन एकर. आकडे मला पाठ असतात, ही माझी खोड त्या दिवशी नडली.

आता खरी अडचण पुढेच होती. बँकेत नाव लावलं म्हणजे ती व्यक्ती मालक होत नाही, फक्त पैसे ताब्यात घेते. मृत्युपत्र नसेल तर आईच्या मागे ठेवीचे दोन भाग होणार, बहिणीला तीन लाख आणि मला तीन लाख. आईला हे माहीत नव्हतं. मला होतं. गप्प बसलो असतो तर निदान एक खोली नक्की निघाली असती.

मी घेवड्यातले दोन खडे काढले. तिसरा सापडेना.

"नुसत्या नावानं भागत नाही, आई," शेवटी मी म्हणालो. "तिलाच सगळं द्यायचं असेल तर मृत्युपत्र पाहिजे. दोन साक्षीदार लागतात. ज्याला मिळणार त्यानं साक्षीदार होऊ नये."

आईनं सूप बाजूला ठेवलं. "तुला काय मिळणार हाय का ह्यातलं?"

"नाही."

"मग एक साक्षीदार तू. दुसरा शेजारचा बघ. आन् लिही तूच, अक्षर लय चांगलं हाय तुझं."

मी लिहिलं. बहिणीला त्यावर वारसा म्हणून एक रुपयाही कर पडणार नाही, हे मी तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "दादा, ती साडी मी अजून नेसते रे."

खोल्यांचा हिशेब मी आता एका खोलीवर आणलाय. कर्ज काढून.