वर्षभर पुरवायची माती

मे महिन्यात आमची सगळी चाळ कोकणात गेली होती आणि मी विक्रोळीच्या खोलीत जमिनीवर खाकी कागद पसरून बालवाडीचं वर्ष आखत बसले होते. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. पण बालवाडीचा कोर्स नुकताच संपला होता, अंगात वारं शिरलं होतं, आणि आमच्याकडे चित्रकला म्हणजे बाईंनी पाटीवर आंबा काढून द्यायचा आणि मुलांनी तो गिरवायचा, एवढंच चालायचं. तो आंबा माझ्या डोक्यात जायचा. एवढ्याशा पोरांनी वर्षभर एकच आंबा का म्हणून गिरवायचा?

म्हणून मी कागदावर जून ते एप्रिल चौकोन पाडले. जूनमध्ये नुसत्या रेघोट्या, ओल्या खडूने, फरशीवर, हात दुखेपर्यंत. मग भेंडी कापून तिचे ठसे, झाडांच्या पानांचे ठसे. त्यापुढे कागद फाडून चिकटवणं, कारण कात्री त्या वयात हाताला येत नाही, पण फाडायला कुणाला शिकवावं लागत नाही. दिवाळीला पणत्या रंगवायच्या, संक्रांतीला पतंगाचा कागद, आणि एप्रिलमध्ये अंगणाच्या भिंतीवर सगळ्यांनी मिळून मनाला येईल ते काढायचं. भाद्रपदाच्या चौकोनात मी फार विचार न करता ‘गणपती’ लिहून टाकलं. आणि दर शनिवारी माती.

शाडूची माती पलीकडच्या गल्लीतल्या गणपतीच्या कारखान्यातून मिळाली. मूर्तिकाराने एक पोतं दिलं आणि वर बजावलं, “बाई, आता सीझन आहे. परत मागायला येऊ नका.” म्हणजे एका पोत्यात वर्ष काढायचं. त्यावर मी नियम केला : करायचं, सगळ्यांना दाखवायचं, आणि मोडून परत टबात टाकायचं. ठेवायचं काही नाही. नियम खरा काटकसरीचा, पण मी त्याला तत्त्वाचा मुलामा दिला. मुलाला करण्यात आनंद हवा, ठेवण्यात नको, असं मी आमच्या मुख्य शिक्षिकांना ऐकवलं. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी चष्म्यावरून कागद पाहिला आणि म्हणाल्या, “छान आहे. मोडताना जी रडतील त्यांचं काय करायचं, तेही लिहून ठेव.”

मला राग आला. मी काहीच लिहिलं नाही.

जूनमध्ये ती मुलगी आली. चौथं लागलेलं, केसांना चपचपीत तेल, दोन घट्ट वेण्या. तिची आत्या सोडायला आली होती. मुलीला आत पाठवून तिने मला दाराच्या बाहेर घेतलं. गिरणीच्या संपात भावाची नोकरी गेली, परळची खोली गेली, आता तो इथल्या एका कंपनीत रात्रपाळीचा वॉचमन होता. आणि उन्हाळ्यात त्याची बायको काविळीने गेली.

“तिका आम्ही काय सांगितलेला नाय,” आत्या कुजबुजली. “आई गावाक गेली म्हणून सांगितलंय. बाई, तुम्ही पण तसाच सांगा हां. लहान हा ना ती. विसरतली हळूहळू.”

मला होय म्हणवेना आणि नाही म्हणवेना. मोठ्या बाईंकडे गेले तर त्या म्हणाल्या, “तू खोटं सांगू नकोस. खरंही तू सांगायचं नाहीस. ते तिच्या बापाचं काम आहे. तो सांगेपर्यंत तू तिला नीट सांभाळ.”

ती फारशी बोलायची नाही. बाकीची मुलं आल्याबरोबर पिशव्या खुंटीला लावत. ही पिशवी खांद्यावरून काढायचीच नाही. रेघोट्या मारताना पिशवी, खाऊ खाताना पिशवी. फाटकाची कडी वाजली की मान वर, आणि येणारी बाई आपली नाही असं दिसलं की मान खाली. मी एकदा पिशवी काढायला गेले तर म्हणाली, “आई आली की लगेच जायचं आहे.” एवढं मोठं वाक्य तिने तोवर कधी उच्चारलं नव्हतं. मी पिशवीचा बंद सारखा करून दिला आणि दुसऱ्या मुलाकडे वळले. कोर्सच्या पुस्तकात यावर काही नव्हतं.

पहिल्याच शनिवारी तिने मातीची लांबट गुंडाळी केली, एका टोकाला गोळा बसवला आणि ती पाटीवर आडवी ठेवली. मग अंगणातल्या तगरीची पडलेली फुलं आणून तिच्यावर एकेक दाबून बसवली. मी विचारलं, “ही कोण गं?”

“आई.”

एवढी लहान मुलं माणूस आडवाच करतात. त्यांच्या हातची माती उभी राहत नाही. ते मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्यामुळे मी पुढे काही विचारलं नाही.

मोडायची वेळ आली तेव्हा तिने दोन्ही हात त्या गुंडाळीवर पालथे घातले. रडली नाही. शेजारच्या पोराने नियम म्हणजे नियम अशा थाटात तिची माती ओढली, तर त्याच्या मनगटाला कडकडून चावली. मी हात टेकले. तिची आई खिडकीच्या कट्ट्यावर राहिली आणि बाकी सगळ्यांची माती टबात गेली. “बाई, तिचं का ठेवलं?” असा गिल्ला झाला. मी दरडावून गप्प केलं.

पुढे दर शनिवारी तेच. ती कट्ट्यावरून आपली आई उतरवायची, ओल्या फडक्याने पुसायची, भेगा बोटाने बुजवायची, सुकलेली फुलं काढून ताजी लावायची आणि परत ठेवून द्यायची. माझ्या एवढ्या आखलेल्या वर्षातलं तिने दुसरं काही म्हणून केलं नाही. भेंडीचे ठसे नाहीत, चिकटकाम नाही. मला तिची काळजी वाटायची, आणि खरं सांगायचं तर तिच्या घरच्यांचा संताप यायचा. विसरेल म्हणे. ती मुलगी दर शनिवारी आईची डागडुजी करत होती, आणि म्हणे विसरेल.

गणपती जवळ आले तशी वर्गात एकच भाषा सुरू झाली. आमची बहुतेक मुलं कोकणातली. आम्ही एसटीने जाणार, आमच्या घरी सात दिवसांचा असतो, माझा काका मखर करतो. ती सगळं ऐकत बसायची. एक दिवस आत्या घ्यायला आली तेव्हा तिने तिथेच फाटकात विचारलं, “आपण कधी जायचं? आई गावालाच आहे ना?” आत्येने माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या घरात मरण झालेलं, त्या वर्षी सण नव्हता, गावी जाण्याचा प्रश्नच नव्हता. “यंदा बाबांका सुट्टी नाय गो,” असं काहीतरी पुटपुटत ती मुलीला ओढत घेऊन गेली. जाताना मुलगी मागे वळून माझ्याकडे बघत होती. मी आता तरी काही बोलेन अशी तिची अपेक्षा असावी, असं मला वाटलं.

मग सुट्टीला आठवडा उरला असताना तो शनिवार आला आणि माझा तो भाद्रपदाचा चौकोन. मुलांनी एकेक गणपती केला. सोंड तेवढी प्रत्येकाला जमली. कुणी दूर्वा आणल्या, कुणी जास्वंद खोचली. सगळे गणपती पाटांवर ओळीने मांडून झाले आणि मी सवयीने म्हणाले, “चला, आता मोडून टबात टाका.”

कुणी पाटाला हात लावेना. मग एक मुलगी घाबऱ्या आवाजात म्हणाली, “बाई, पाप लागेल.”

मी स्वतः कोकणातली. विसर्जनाच्या दिवशी परकर नेसायच्या वयापासून डोळे पुसत आलेली. आणि गणपती मोडून टबात टाका म्हणून सांगत होते! मोठ्या बाईंनी सावरून घ्यायचा प्रयत्न केला, की प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, ही नुसती मातीच आहे. मुलांनी ते कानामागे टाकलं. त्यांचा बाप्पा बसला होता. शेवटी मोठ्या बाईंनी पदर खोचला आणि अंगणातलं पाण्याचं पिंप उघडलं. खिरापत म्हणून गूळ-शेंगदाणे वाटले, एक आरती झाली. मग त्यांनी प्रत्येक पाट जागचा जरासा हलवला आणि मुलांना सांगितलं, “हलवला की देव निघाला. मग आपण फक्त पोचवायचं.” दीड दिवसाचा गणपती सगळीकडे असतो, आमचा दीड तासाचा झाला.

मुलं डब्यांची झाकणं बडवत अंगणाला फेरी घालून पिंपापाशी आली. तिने गणपती केलाच नव्हता, पण ती मिरवणुकीत होती, पिशवी खांद्यावर घेऊन. एकेक गणपती पाण्यात गेला आणि सगळी ओरडली, “पुढच्या वर्षी लवकर या!” त्यात तिचा आवाज मला पहिल्यांदा मोठ्याने ऐकू आला. खूप मोठ्याने, मान वर करून. मला त्या क्षणी बरं वाटलं.

माझी वर्षाची माती बुडाली होती. तिचं काय करायचं या विवंचनेत मी सोमवारी सकाळी पिंपाचं झाकण काढलं. पाणी वर नितळ झालं होतं. तळाशी मातीचा मऊ थर, त्यावर दोन दूर्वा. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मी तिला उचलून दाखवलं.

“बाप्पा कुठंय?”

“गेला.”

“ती काय आहे खाली?”

“माती. बाप्पा गेला, माती राहिली.”

ती वाकून आत बघत होती. मग, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं म्हणाली, “आईला पण फुलं घातली होती. हिरवी साडी नेसवली. खूप कुंकू लावलं. मग बाबांनी आणि काकांनी उचललं आणि सगळी मागून गेली.”

मी तिला खाली उतरवलं. आत्या तर सांगत होती, शेजारणीच्या घरात ठेवलं होतं म्हणे हिला, काही दिसलं नाही म्हणे. सवाष्ण गेलेली बाई, मळवट भरून, फुलांनी सजवून नेलेली. सगळं बघितलं होतं तिने. तिची आई उभी करता येत नव्हती म्हणून आडवी नव्हती.

“बाई,” ती म्हणाली, “मग माझ्या आईची माती कुठंय?”

मोठ्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. त्या आत गेल्या नाहीत, चप्पल घालून तशाच तिच्या घराकडे गेल्या आणि रात्रपाळी करून झोपलेल्या तिच्या बापाला उठवून घेऊन आल्या.

तो खाकी पँट आणि बनियनवर सदरा अडकवून आला होता. मीच सांगून टाकलं असेल अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. मुलीने त्याला तोच प्रश्न विचारला, जसाच्या तसा. तो पिंपाला टेकून खाली बसला. 

“खाडीत सोडली, बाये,” तो शेवटी म्हणाला. “आई गेली. ती गावाक नाय. खयच नाय. मी तिका पाण्यात सोडून इलंय.”

आता ही कोसळणार म्हणून मी पुढे झाले. ती कोसळली नाही. तिने त्याच्या सदऱ्याची बाही धरली आणि रागाने लाल होऊन विचारलं, “मग मला का नाय नेलंत? बाप्पाला पोचवायला सगळ्या पोरांना नेतात!”

तो माणूस तिथे अंगणात, आम्हा बायकांसमोर, हमसून हमसून रडला. मोठ्या बाईंनी मला दंडाला धरून आत नेलं.

जाताना त्याने कट्ट्यावरची ती मातीची बाई मागून घेतली. मी ओल्या फडक्यात गुंडाळून दिली. त्याची सुट्टी गुरुवारी होती.

शुक्रवारी ती आली आणि सगळ्यांसारखी पिशवी खुंटीला लावून वर्गात जाऊन बसली. बाप फाटकातच घुटमळत होता. मी जवळ गेले.

“काल खाडीवर नेली होती,” तो म्हणाला. “आपल्या हाताने सोडलीन तिने. फुलं पण सोडलीन. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, बाई. म्हटलं, आता ती म्हणणार, पुढच्या वर्षी लवकर ये. काय सांगू मग तिला?”

“मग?”

“हात धुतलेन, फ्रॉकला पुसलेन नि म्हणाली, चला बाबा.” तो खुंटीवरच्या पिशवीकडे बघत होता. “तेवढं मात्र नाय म्हणाली.”