सुभेदाराची सही

मिरज स्टेशनावर आबा मला सोडायला आले ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून आणि छातीवर दोन मेडलं लावून. मुलगी नवऱ्याबरोबर चालली होती, परेडला नव्हे. पण आमच्या आबांना कोण सांगणार! फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर झालेला माणूस. मलकापूरच्या पुढं आमचं गाव, आणि गावात घरटी एक तरी फौजी. गाडी हलली तशी खिडकीत तोंड घालून ते म्हणाले, "सुमे, तिकडं जंगलात बंदूकवाली पोरं हायती म्हनं. हत्यार घिऊन कोन दारात आला तर बोलायचं न्हाई. हत्यार खाली ठेवू दे, मग बोलायचं." मी मान हलवली आणि त्यांच्यामागं उभ्या आईकडं बघून रडत बसले. नव्वदच्या पुढची ती पहिली वर्षं होती.

आमचे हे खानापूर तालुक्यातले, गलाईवाले. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं, हा त्यांच्या घराचा धंदा. तुम्हा गाव सोडून गेलेल्यांपैकी कुणी कोइमतूरला गेलं, कुणी अमृतसरला. आमच्या वाट्याला आसाम आला. हे लिहितेय ते तुमच्यासाठी, आणि गावी मागं राहिलेल्यांसाठीही, कारण तोंडानं मला यातलं काही सांगायला जमलेलं नाही.

तिथल्या बाजारात आमच्या मराठी माणसांची चार बिऱ्हाडं होती. पुढं भट्टी, मागं दोन खोल्या. शेजारच्या बाईला मी बाइदेउ म्हणायची, म्हणजे तिकडची ताई. तिनं मला मोहरीच्या तेलात मासे शिकवले, मी तिला पिठलं शिकवलं. तिला ते कधी आवडलं नाही, पण खायची बिचारी. गलाईवाल्याचा एक नियम असतो, सोनं कुणाचं ते विचारायचं नाही. जंगलातली ती बंदूकवाली पोरंही सोनं घेऊन यायची. आबांचं वाक्य तिथं दोन दिवससुद्धा टिकलं नाही. हत्यार कमरेला लावूनच माणूस दारात यायचा आणि हे त्याला "बसा, चहा घेणार?" म्हणायचे. न म्हणून करणार काय?

एकदा अशाच एकानं सोन्याची लगड आणली. यांनी कस लावला आणि चारचौघांत सांगून टाकलं, टंच कमी आहे, तांबं मिसळलंय. दुसरा असता तर "उत्तम आहे" म्हणून मोकळा झाला असता. आमचा हरिश्चंद्र! त्या पोराचा त्याच्या लोकांपुढं पाणउतारा झाला आणि तो यांच्याकडं बघत निघून गेला.

त्याच सुमाराला माझा धाकटा भाऊ विलास, त्याची पलटण तिकडंच आली. एका दुपारी तो वर्दीतच दारात हजर. बरोबर संपत, आमच्या ओढ्यापलीकडच्या गावचा, विलासचा शाळेपासूनचा जोडीदार आणि आता त्याच्याच तुकडीत. गावाहून आणलेलं ज्वारीचं थोडं पीठ शिल्लक होतं, त्याच्या भाकरी थापल्या. संपतनं पाच खाल्ल्या. मी मात्र सारखी दाराकडं बघत होते, कारण अख्खा बाजार बघत होता. जाताना विलासला म्हणाले, "वर्दीत माझ्या दारात येत जाऊ नको रे." तो हसून म्हणाला, "बरं आक्का, फुडच्या येळी लुंगी नेसून येतो." सख्ख्या भावाला मी दार बंद केलं, अशी ती जागा.

पुढच्या महिन्यात विलासच्या तुकडीनं जंगलातल्या पोरांचा एक म्होरक्या पकडला. त्याला धरताना झालेल्या गोळीबारात संपत गेला. गावी त्याला पहिला खांदा आबांनी दिला.

आणि मग त्या लोकांनी म्होरक्याच्या बदल्यात माणसं उचलली. एक सरकारी इंजिनियर, एक चहाच्या मळ्याचा मॅनेजर, आणि आमचे हे. दिवसाढवळ्या भट्टीवरून नेलं. टंच खरा सांगितला म्हणून नेलं, की दारात दिसलेल्या वर्दीमुळं, हे आजतागायत कळलेलं नाही. बाइदेउ माझा हात धरून "बेया नापाबा" म्हणत राहिली, म्हणजे वाईट वाटून घेऊ नकोस. आठ दिवसांनी आबा आले आणि मला आणि माझ्या दीड वर्षाच्या लेकीला गावी घेऊन आले.

माहेर म्हणजे बाईची मोकळी जागा, असं सगळे म्हणतात. मला तिथं श्वास घ्यायची चोरी झाली. रेडिओवर सरकार सांगायचं, हत्यार खाली ठेवल्याशिवाय बोलणी नाहीत. म्हणजे सरकारही आबांचंच वाक्य बोलत होतं. चावडीपुढं सगळे पेन्शनवाले जमायचे आणि माना डोलवायचे. "आज एकाला सोडलं तर उद्या धा जनांस्नी उचलत्याल," असं एक जण म्हणायचा, आणि ते खोटं नव्हतं, म्हणूनच मला त्याचा संताप यायचा. मी दिसले की सगळे गप्प. मी भांडायची कुणाशी? मनातल्या मनात सरकारच्या पाया पडत होते, की बाबांनो, बोला एकदाचं, काय हवं ते देऊन टाका. आणि आईबरोबर मुकाट्यानं शेंगा फोडत होते.

मग इंजिनियरच्या बायकोचं हिंदीत पत्र आलं. सगळ्या घरांनी मिळून सरकारकडं अर्ज करायचा, चर्चा करा आणि म्होरक्याला सोडा. तिनं लिहिलं होतं, तुमचे वडील फौजेतले, त्यांचा मुलगा तिथंच लढतोय. त्यांची सही हुद्द्यासकट आली तर कुणी आम्हाला देशद्रोही म्हणणार नाही.

कागद आबांपुढं ठेवला. त्यांनी तो वाचला आणि घडी करून परत दिला.

"संपतला खांदा दिलाय मी. ज्याला धरताना त्यो पोरगा गेला, त्यालाच सोडा म्हनून लिवू? त्याच्या आईला कुठलं तोंड दावू?"

"आवं आबा, मग माझ्या कपाळाचं काय?"

ते उठून बाहेर गेले. चार दिवस कागद तसाच पडून होता. पाचव्या दिवशी मी ओढा ओलांडून संपतच्या घरी गेले. त्याची आई हौसामावशी ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी सगळं सांगितलं, रडत-रडत, नाक ओढत. तिनं सूप खाली ठेवलं.

"मला कशाला इचारतीस गं? न्हाई म्हनलं तर तुजा जाईल. व्हय म्हनलं तर माजा पुन्यांदा जाईल. तुज्या बापाला काय करायचं ते करू दे. पर मला सांगाया येऊ नगा."

घरी येऊन आबांना ते शब्द न शब्द सांगितलं. कागद घेऊन ते पायरीवर बसले. मग त्यांनी पेन मागितलं. "ही सही बापाची हाय," ते म्हणाले, "सुभेदाराची न्हवं." पण सहीखाली हुद्दा लिहावाच लागला, त्याशिवाय तिला वजन नव्हतं. तो त्यांनी लिहिला, पलटणीच्या नावासकट. दर पंधरा ऑगस्टला शाळेत झेंडा आबाच लावायचे. त्या सालापासून गेले नाहीत.

सरकार बोललं. आमच्या तिघांसाठी बोललं की फक्त इंजिनियरसाठी, ते देव जाणे. म्होरक्या सुटला आणि हे घरी आले. हाडांचा सापळा, एक पाय लंगडा. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी धाय मोकलून रडले, पण दार लावून, कारण वाऱ्यावर आवाज ओढ्यापलीकडं जातो.

विलास रजेवर आला तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, "दाजी, पाय कसा हाय?" दोघं एका पंगतीला जेवले. चार दिवस रजा शिल्लक असताना तो निघाला. कराडच्या स्टँडवर मला म्हणाला, "आक्का, तू सही मागितलीस ते बरूबर केलंस. पर मला पुन्यांदा त्यालाच धराया धाडलं तर मी काय करू, तेवढं सांग." गाडी लागली, आणि मी त्याची पिशवी वर चढवून दिली.

आम्ही आसामला परत गेलो नाही. सांगलीत विश्रामबागेत दोन खोल्या घेतल्या, हे एका सराफाकडं टंच काढायला जातात. वरच्या मजल्यावर कॉलेजातले एक प्राध्यापक राहतात. चहाला आले की अतिरेक्यांशी सरकारनं बोलावं का, यावर दोन्ही बाजू फार छान मांडतात. मी साखर किती एवढंच विचारते. मध्यंतरी पेपरात फोटो होता, तोच म्होरक्या सरकारी साहेबलोकांबरोबर बोलणीच्या टेबलाला बसलेला. बाइदेउनं कळवलंय की आता बाजार संध्याकाळपर्यंत उघडा असतो, पोरीबाळी एकट्या फिरतात. म्हणजे बोलून काहीतरी झालं. मला त्याचा आनंद होतो, आणि तो कुणाला दाखवायची सोय नाही.

तुम्ही विचाराल, मग आता घर कुठलं? रोज सहाला हे दारात चप्पल काढतात आणि माझा जीव भांड्यात पडतो. ते माझं घर. सणावाराला लेकीला घेऊन माहेरी जाते, ते पण घर. तिथं आबा नातीशी खेळतात, तिच्याशी भरभरून बोलतात. माझ्याशी बोलतात ते पाण्यापावसाचं. पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा त्यांच्यापुढं कागद ठेवीन आणि ते पुन्हा सही करतील, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच आम्ही एकमेकांकडं बघत नाही.