पाण्याच्या नळीतली कोंबडी

नव्वदच्या दशकात डोंबिवलीहून ठाण्याच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा गेले, तेव्हा बंद खोलीतून एकसुरी आवाज येत होता : ए, टी, टी, जी... आत कुणाचे दिवस घालताहेत की काय, असं वाटून मी दारातच थबकले. अंधारात डॉ. वसुधा प्रभुणे फिल्मवरून जनुकाची अक्षरं वाचत होत्या. "आत ये, लिहून घे," एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्याशी झालेली ही माझी पहिली ओळख.

बाईंचा विषय पक्ष्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन. कल्याणच्या बाजारातल्या कोंबडीच्या रक्तावर सराव करून माझा हात बसला, आणि मग खाडीवरचे हरीमामा कोळी जखमी बगळा घेऊन आले. बाईंनी पंखातून थेंबभर रक्त घेतलं, जखम बांधली आणि पक्षी परत दिला. "याचं रगत काय बोलतंय ते मना सांगा, बाई," मामा म्हणाले.

बगळ्याचं जनुक मी यंत्रात लाखो प्रती काढून वाढवलं, जिवाणूंत घातलं, अक्षरं वाचली. निबंध छापून आला. नंतर एका दुपारी बाईंनी कोंबडीच्या अक्षरांचा कागद बगळ्याच्या कागदावर ठेवून उजेडासमोर धरला. एकही अक्षर हललं नाही; दोन्ही तंतोतंत एकच. भेसळ आहे का ते बघायला बाईंनी नुसत्या पाण्याची नळी यंत्रात लावली. तिच्यात कुणीच काही घातलं नव्हतं, तरी जनुक असल्याची पट्टी चमकली. वाचली, तर तीच कोंबडी. तिला मरून वर्ष झालं होतं आणि ती आमच्या प्रत्येक नळीत होती. मला त्या खोलीत पाणी पिण्याचीही भीती वाटू लागली.

"बगळ्याच्या वेळी तू पाण्याची नळी लावली होतीस ना?" बाईंनी विचारलं.

"हो, बाई. कोरी होती."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी निबंध मागे घेतला आणि कारण लिहिलं : "खबरदारी मी घेतली नाही." त्यांचं विभागप्रमुखपद गेलं. हरीमामांनाही त्यांनी स्वतः सांगितलं, "तुमच्या बगळ्याचं अजून वाचता आलेलं नाही. आम्ही कोंबडीचंच वाचत बसलो." मला मात्र नवं पिपेट देऊन त्यांनी सगळं पहिल्यापासून करून घेतलं आणि पदवीपर्यंत पोहोचवलं.

नळी कोरी नव्हती. ती पट्टी मी आधीच पाहिली होती. प्रबंध लांबेल म्हणून तिचा फोटो फाडून टाकला होता. बाईंना हे कळलं होतं, असं मला वाटतं; त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही आणि माझी जीभ कधी रेटली नाही.

आज बाईंच्या पंच्याहत्तरीला आपण सगळे जमलो आहोत. आपल्यातले काहीजण अजूनही "बाईंची ती चूक" म्हणून हसतात. बाई, आपल्याला भरपूर, निरोगी आयुष्य लाभो. आणि यापुढे ती चूक सर्वांनी माझ्या नावाने सांगावी.