तळमजल्याच्या दोन खोल्या

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बहुतेक आज तपशिलाने सांगता येणार नाहीत. हर्सूल भागातील दोन खोल्यांचे ते प्रकरण मात्र डोळ्यांपुढून हटत नाही, आणि त्याचा संतापही उतरत नाही.

मी तेव्हा ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तोच एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्या पतीसह वरच्या मजल्यावर राहत आणि खालच्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने दिल्या होत्या. पतीला पक्षाघात झाला होता. कराराची मुदत संपूनही भाडेकरू जागा सोडत नव्हता.

"साहेब, भाडं तो वेळेवर देतो. मला भाडं नकोच, खालची जागा पाहिजे. यांना रोज व्यायामाला न्यायचं आहे. जिना अरुंद, मधे वळण. उतरवायला चार माणसं लागतात. रोज कोणाला बोलावू?"

त्यांनी पिशवीतून करार काढला. स्टँप पेपर, अकरा महिने, नोटरीचा लाल शिक्का. शहरातले कितीतरी घरमालक हीच चूक करतात. नोटरी म्हणजेच नोंदणी, असे धरून चालतात. करार नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते. तो नोंदवलेला नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. आणि भाडेकरूचे म्हणणे होते की, बाईंनी पाच वर्षांचा शब्द दिला आहे.

"पण मी तुमच्या ठाण्यात त्याच्या पडताळणीचा फॉर्म भरलाय. ही बघा पोहोच," त्या म्हणाल्या.

"बाई, ही दिवाणी बाब आहे. न्यायालयात जा." नियमाने मी बरोबर होतो.

त्यांनी दावा लावला. काही आठवड्यांनी वैजापूरच्या एका घरमालकाचा ठाण्यात फोन आला. बाईंनी नातेवाइकांना पाठवलेला भाडेकरूचा फोटो फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोहोचला होता.

"साहेब, ह्यो गडी माझ्याकडं दुसऱ्याच नावानं राहिला. तीन वर्षं निघंना. लई गोड बोलतो, जपा."

दुसरे नाव म्हणजे बनावट ओळखपत्र, म्हणजे दखलपात्र गुन्हा. आता हात घालता येत होता. भाडेकरूला चौकशीला बोलावले. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, बोलणे अदबीचे.

"व्हय साहेब, वैजापूरला होतो. नाव मालकानं चुकीचं लिहिलं आसंल."

"आणि ओळखपत्र?"

"ते तर तुम्ही तपासलंय की. फॉर्म काढा, तुमच्याच कपाटात हाय."

गोपनीय शाखेच्या हवालदाराने सुतळीने बांधलेला गठ्ठा सोडला. फॉर्मवर मूळ पत्ता सिल्लोड तालुक्यातला होता. त्या गावच्या पोलीस पाटलाला फोन लावला. त्या नावाचा माणूस गावात कधी नव्हताच. दहा मिनिटांचे काम. फॉर्मवर 'पडताळणी पूर्ण' असा शिक्का होता आणि त्याखाली माझी सही.

हवालदार पुटपुटला, "महिनाअखेर होती साहेब. गठ्ठा एकदमच सहीला ठेवला होता."

भाडेकरू हसला असता तर बरे झाले असते. तो शांतपणे म्हणाला, "त्या सहीची झेरॉक्स बघूनच बाईंनी चावी दिली मला."

गुन्हा नोंदवला, अटक केली. जामीन झाला आणि तो त्याच खोल्यांत परतला. माणसाला अटक करणे माझ्या हाती होते. जागेचा ताबा देणे नव्हते. बाईंच्या दाव्यात तारखा पडत राहिल्या. मी वरिष्ठांना लेखी कळवले की माझ्या सहीची चौकशी व्हावी आणि न तपासता शिक्के मारणे थांबावे. निवृत्तीनंतरही लिहीत राहिलो. दर वेळी उत्तर एकच: 'आपले पत्र आवश्यक कार्यवाहीसाठी संबंधितांकडे पाठविण्यात आले आहे.' संबंधित म्हणजे तेच ठाणे!

बाईंचे यजमान वरच्या मजल्यावरच वारले. कळताच मी पोहोचलो. त्यांना चादरीत घालून उतरवताना आम्ही तिघेच होतो आणि वळणावर अडलो. खालचे दार उघडले. भाडेकरू धावत वर आला, त्याने खालून भार घेतला. "हळू, डोकं लागंल भिंतीला." माझ्या तोंडी शिवी आली होती.

"राहू द्या साहेब," बाई म्हणाल्या. "माणूस कमीच पडत होता."

ठकाने कायदा वापरला, हे मी समजू शकतो. त्याचा तो धंदा होता. पण बाईंनी आमच्यावर विश्वास ठेवला आणि त्या विश्वासाची किंमत आमच्या लेखी एका शिक्क्याएवढीही नव्हती. सही करण्यापूर्वी वाचणे हा शिष्टाचार नाही, ते कर्तव्य आहे. हे शिकायला मला उभी नोकरी लागली, आणि शिकलो तेव्हा कोणाच्याही उपयोगाचे उरले नव्हते.

दावा अजून चालू आहे. परवा बाजारात बाई भेटल्या. निकाल त्यांच्याच बाजूने लागेल, असे मी म्हणालो.

"लागू द्या," त्या म्हणाल्या. "आता खाली राहायला आहे कोण?"