बर्फावरची फुलं

लडाखमधल्या त्या पोस्टवर आमची तुकडी नोव्हेंबरात पोहोचली. मी हवालदार होतो, नायक रशीद माझ्या सेक्शनमध्ये. मी वसमतचा, तो औंढा नागनाथचा. देवळाच्या वाटेवर त्याच्या वडिलांचं फुलांचं दुकान होतं. माझ्याजवळ कायम पुस्तक असायचं, म्हणून तो मला गुरुजी म्हणायचा. बाकीचे हिंदी बोलत; आम्ही दोघं गावाकडची बोली.

रोज सकाळी सातला गोठलेला तलाव ओलांडून पुढच्या पोस्टला रसद न्यायची. वारा पडलेला असला की एखाद्या सकाळी बर्फावर फुलं उमललेली दिसत. बोटभर उंच, पिसासारख्या पाकळ्यांची, फुंकरीनं मोडतील अशी. रशीद त्यांना वळसा घालून जाई.

"काहून रे? बर्फच हाय ना तो."

"असू द्या. फुलावर पाय पडत न्हाई आमचा, गुरुजी. तुमी रिटायर व्हा, याचाच हार घालतो तुमाला."

"अन् गळ्यात पाणी?"

"व्हय. सत्कार बी, आंघोळ बी."

वळशाला वीस मिनिटं जास्त लागत. मी चालू दिलं.

जानेवारीत एका सकाळी ०६:५० ला रेडिओ सेटवर निरोप आला. पुढच्या पोस्टवर एका जवानाला श्वास घेता येत नव्हता, ऑक्सिजन संपत आला होता. आम्ही चौघं दोन सिलिंडर घेऊन निघालो. तलावाच्या मध्यावर फुलांचा पट्टा पसरला होता, आजवरचा सर्वांत मोठा. रशीद पुढे होता. तो डावीकडे वळला. तेवढ्यात माझ्या सेटवर पुढच्या पोस्टचा आवाज आला.

"पेशंट सिरियस. किती वेळ? ओव्हर."

"दहा मिनिटं. ओव्हर." मग मी रशीदला म्हणालो, "सरळ चल."

त्यानं एकदा मागे पाहिलं. "जी," म्हणाला आणि फुलांत पाय टाकला.

सातव्या-आठव्या पावलाला बर्फ फुटला. दोरीनं त्याला वर काढायला बराच वेळ गेला. दोघांना मी सिलिंडर देऊन वळशानं पुढे पाठवलं. तो जवान वाचला. रशीद ०८:३५ ला गेला, माझ्या कोटात गुंडाळलेला.

अशी फुलं नव्यानं धरलेल्या पातळ बर्फावर येतात, हे मी पुढे वाचलं. रशीदला ते ठाऊक होतं का, कोण जाणे. रिपोर्टात मी 'बर्फ फुटून अपघात' एवढंच लिहिलं.

निवृत्तीनंतर औंढ्याला गेलो. त्याच्या अब्बांना सांगितलं, हुकूम माझा होता.

"हुकूम मानला त्यानं. बराबर केलं," ते म्हणाले. "पण हे सांगायला चार वर्षं काहून लावली? आमी समजून राहिलो, पोरगं आपल्याच चुकीनं गेलं."

म्हणून इथं लिहून ठेवतो. नायक रशीदनं वाट बरोबर धरली होती. ती मी बदलली.